मदत हवी आहे: डॉमिनिकातल्या वादळानंतरच्या संसारांची माहिती

मंडळी, एमएच्या प्रबंधासाठी कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर काम करतेय (डॉमिनिकन रिपब्लिक वेगळा, शोधताना सगळे तिथेच जाऊन पोचतात). सप्टेंबर २०१७ च्या मारिया चक्रीवादळात या जेमतेम ७० हजार वस्तीच्या देशाचं नुकसान वार्षिक उत्पन्नाच्या २२६ टक्के झालं. त्याआधी २०१५ चं एरिका वादळ होतंच. छपरं, शेती, रस्ते यांचे आकडे मिळाले. पण वादळानंतर रॉस विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय बार्बाडोसला गेलं. मग ते जिथे होतं, त्या डॉमिनिकातल्या पोर्ट्समथ गावात विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देणाऱ्या, जेवण पुरवणाऱ्या, टॅक्सी चालवणाऱ्या घरांचं काय झालं? तिथे शिकलेलं कुणी तुमच्या ओळखीत आहे का? कुटुंबपातळीवरची आकडेवारी कुठे शोधू? मार्गदर्शक म्हणतात विषय बदल. मला नाही बदलायचा.