मदत हवी आहे: घाटातल्या कातळात काचेसारखी काळी पट्टी, जुन्या भूकंपाची खूण असेल का?

घाटवाटा
नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी चिपळूणहून पाटणला जाताना कुंभार्ली घाटात चहाला थांबलो. टपरीपासून थोडं पुढे रस्त्यासाठी ताजा फोडलेला कातळ होता. त्यात जवळजवळ उभी, तीनेक सेंटिमीटर जाडीची काळीभोर पट्टी. खाली पडलेली एक ढलपी उचलली तर कड फुटलेल्या बाटलीसारखी, बोट कापता कापता राहिलं. वीसेक पावलांवर दुसरी जागा: सारवल्यासारखा गुळगुळीत पृष्ठभाग, त्यावर आडव्या रेघा आणि पांढरट-हिरवं पापुद्र्यासारखं काहीतरी.

घरी येऊन वाचलं तर 'स्यूडोटॅकिलाइट' हा शब्द भेटला. भूकंपात भ्रंशाच्या, म्हणजे खडक जिथे सरकतो त्या भेगेच्या, दोन बाजू एकमेकींवर इतक्या वेगाने घासतात की दगड वितळतो आणि काळा होऊन थिजतो. स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवरच्या अशा शिरांमधून रिचर्ड सिब्सन यांनी 1975 साली प्राचीन भूकंप वाचून दाखवले म्हणे. झालं, डोक्यात किडा शिरला. कोयना तिथून हाकेच्या अंतरावर, आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे आजीची उतरंड कशी कोसळली ते ऐकतच मोठा झालोय.

पट्टी म्हणजे तेच का? रेघा कशाच्या? घरच्या घरी काही तपासता येईल का? फोटो चढत नाहीयेत. शिक्षण कॉमर्सचं आहे, सांभाळून घ्या.

खलबत्ता
उत्तर माहीत नाही, पण वाचतोय. ती ढलपी घरी आणून शोकेसमध्ये ठेवली असेल तर घरच्यांना चाललं का? :)

सूक्ष्मकाप
फोटो नाहीत तर चार गोष्टी सांगा. पट्टी एकच की जोडीने? दोन्हीकडचा दगड सारखाच आहे का? पट्टीतून बाजूच्या दगडात फांद्या घुसल्यात का? आणि पट्टीत बाजूच्या दगडाचे चुरे अडकलेले दिसतात का?
पावसाळा नुकताच संपलाय, दरडीखाली हातोडी चालवू नका.

घाटवाटा
राहवलं नाही, आज पुन्हा जाऊन आलो. पट्ट्या दोन आहेत! मधे दीड हात रुंदीचा घट्ट, बारीक दाण्यांचा काळा दगड. बाहेर दोन्हीकडे पांढऱ्या ठिपक्यांचा जांभळट दगड, पट्टीला टेकतो तिथे विटेसारखा लालसर. चमक पट्टीच्या बाहेरच्या कडेला जास्त, आत जावं तशी मंद होत जाते. फांद्या नाहीत, चुरेही नाहीत.

सूक्ष्मकाप
मग हा भूकंप नव्हे, डाईक आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहत होता त्या सुमाराला तापलेला रस भेगेत घुसला. कडेला गार दगड लागला, तिथे स्फटिक व्हायला वेळच मिळाला नाही म्हणून काच झाली. मधला भाग सावकाश निवला. लाल पट्टा म्हणजे शेजारचा दगड भाजला.

गंमत पुढे आहे. बेसाल्टच्या, म्हणजे दख्खनच्या काळ्या कातळाच्या, या काचेचं नाव टॅकिलाइट. 1916 साली शँड यांना दक्षिण आफ्रिकेत पॅरिस नावाच्या गावाजवळ तसाच दिसणारा, पण लाव्हाशी संबंध नसलेला दगड दिसला, म्हणून त्यांनी पुढे 'स्यूडो' जोडलं. तुम्ही नक्कल शोधायला गेलात आणि अस्सल माल घेऊन आलात! त्यातही शँड यांचा तो दगड व्रेडेफोर्टच्या उल्कापातातला निघाला. त्यामुळे काळं आणि काचेसारखं दिसलं एवढ्यावर भूकंप म्हणायची सोय नाही.

खरा स्यूडोटॅकिलाइट बहुधा ग्रॅनाइट, नाइस (ग्रॅनाइटसारखाच, पण पट्ट्यापट्ट्यांचा) अशा दगडांत बघायला मिळतो. घसरण सेकंदाला मीटरभर वेगाने झाली की हजार अंशांपुढे तापमान जातं. मुख्य शीर भ्रंशाच्या पातळीतच असते, पण वितळलेला रस दाबाने बाजूच्या भेगांत घुसतो, म्हणून मी फांद्या विचारल्या. सूक्ष्मदर्शकाखाली अभ्रक आणि हॉर्नब्लेंड (एक काळसर खनिज) नाहीसे झालेले असतात, कारण ते आधी वितळतात. गारगोटीचे (क्वार्ट्झचे) कण तेवढे कडा गोलावून, चघळलेल्या खडीसाखरेसारखे उरतात. हे दिसलं की घसरण वेगाची होती हे नक्की. नुसता दळून काळा झालेला भुगाही डोळ्यांना हुबेहूब असाच दिसतो, म्हणून सूक्ष्मदर्शकासाठी दगडाचा पातळ काप केल्याशिवाय मी स्वतः कधी बोलत नाही. आल्प्समधल्या आदामेल्लो भागात अशा सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या शिरा उघड्या पडल्यात, शिकायला त्याहून चांगली जागा नाही.

आता तुमची दुसरी जागा. मला विचाराल तर तीच जास्त मोलाची. त्याला स्लिकनसाइड म्हणतात. तिथे दगड घसरला हे खरं. रेघा आडव्या म्हणजे घसरण आडवी. पण रेघा वेग सांगत नाहीत, सावकाश सरकतानाही त्या पडतात. पांढऱ्या पापुद्र्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. फेस आला तर कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज), नाही तर झिओलाइटसारखं दुसरं खनिज. मग रेघांवरून बोट फिरवा: ज्या दिशेला गुळगुळीत लागेल त्या दिशेला समोरचा, आता नसलेला, भाग गेला.

खलबत्ता
मग कोयनेचा भूकंप दगडात कुठे दिसेल?

सूक्ष्मकाप
बेसाल्टच्या खाली. तिथले बहुतेक धक्के खालच्या ग्रॅनाइट-नाइसमध्ये उगम पावतात. भूकंपाच्या अभ्यासासाठी कोयनेच्या परिसरात खोल छिद्रं पाडलीत. रासाटी गावच्या छिद्रात बेसाल्ट सुमारे 930 मीटर जाड निघाला, गोठणे गावच्या छिद्रात सव्वा किलोमीटर. म्हणून तर 2017 मध्ये गोठणे गावचं छिद्र 3 किलोमीटरपर्यंत नेलं. त्या कामाची प्रयोगशाळा कराडला आहे. घाटातून जाता जाता दिसणारी गोष्ट नाही ती.

घाटवाटा
फेस आला!! बारीक धाग्यांसारखं कॅल्साइट आहे. पृष्ठभाग साधारण उत्तर-दक्षिण, तोंड पश्चिमेला. बोट दक्षिणेकडे नेलं की गुळगुळीत, उत्तरेकडे नेलं की अडतं. म्हणजे पश्चिमेचा भाग दक्षिणेला गेला, भेगेपलीकडे पाहिलं तर डावीकडे सरकणं. 1967 चा भूकंपही डावीकडे सरकणाराच ना?

सूक्ष्मकाप
हो, पण थांबा. एका भेगेवरून नातं जुळवू नका. कॅल्साइटचे धागे थोडे थोडे वाढतात, म्हणजे ही घसरण एका झटक्याची नसावी. त्याच कातळात अजून वीसेक पृष्ठभाग मोजा: दिशा, उतार, रेघांचा कोन. मोबाइलमधलं होकायंत्र चालेल, फक्त गाडीपासून लांब उभे राहा. आकडे इथे टाका, मी आलेख काढून देतो.

घाटवाटा
शनिवारी जातो. उतार मोजायला मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक चालेल ना?