कूलर गुडगुडला की झोप उडते. पुरानंतर आणखी कुणाला असं होतं का?

तळमजला_अंबाझरी

नमस्कार मंडळी. प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण विचारतोच.

आमचं घर नाग नदीपासून दोन गल्ल्या आत, तळमजल्यावर. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट काय होती हे नागपूरकरांना सांगायला नको. आदल्याच दिवशी आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण झालं होतं, घरात अकरा माणसं झोपलेली. पाऊस धो धो सुरू होता, पण त्यानं मला जाग आली नाही. जाग आली ती मोरीतल्या गुडगुड आवाजानं. जाऊन पाहतो तर जाळीतून पाणी उलटं वर येऊन राहिलं होतं, काळंशार. बघता बघता घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. ७४ वर्षांच्या आईला मी आणि मेहुण्यानं खुर्चीसकट उचलून जिन्यावर नेलं. उरलेल्या आंबिलीचं पातेलं हॉलमध्ये हळूहळू गोल फिरत तरंगत होतं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. माणसं सगळी सुखरूप. फ्रिज, दिवाण आणि माझ्या सगळ्या मार्कशीट गेल्या.

मग घराचं काम निघालं. आम्ही त्रिमूर्तीनगरात तिसऱ्या माळ्यावर भाड्यानं राहिलो, २०२४ चा अख्खा पावसाळा तिथेच काढला. पहिल्या दोन-तीन पावसांत घाबरलो, नंतर विजा कडाडल्या तरी घोरत पडायचो. म्हटलं, सुटलो.

या मार्चमध्ये परत घरी आलो आणि एप्रिलमध्ये कूलर लावला. रात्री अडीच-तीनला टाकीतलं पाणी संपत आलं की पंप हवा ओढतो आणि गुडगुडतो. हुबेहूब मोरीसारखा. मी ताडकन उठून बसतो, छातीत धडधड, तोंडाला कोरड, आणि हात आपोआप पलंगाखाली जातो, फरशी ओली आहे का ते चाचपायला. दिवसा ४४ डिग्री, आभाळात ढगाचा तुकडा नाही! तो कूलर आहे हे मला कळतं. मग माझ्या मेंदूला काऊन कळत नाही? रोज झोपताना मोरीवर ओलं पोतं आणि दोन विटा ठेवतो, कागदपत्रांची बॅग उशाशी. बायको म्हणते डॉक्टरांना दाखवा, पोरगा म्हणतो एसी घ्या.

संत्रा_बर्फी

पोरगा बरोबर बोलून राहिला भाऊ, घेऊन टाका एसी. नाहीतर झोपायच्या आधी टाकी फुल भरत जा, गुडगुड होणारच नाही. विषय कट.

मानेवाड्याची_मावशी

बर्फी, विषय एवढ्यात कट होत नसतो. टाकी भरली तर आवाज येणार नाही, हे खरं. पण मग पावसाळ्यात मोरी नुसती तुंबून गुडगुडली तरी हे गृहस्थ पलंगावर उभे राहतील.

भाऊ, मी २६ वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. डॉक्टर नाही, म्हणून औषधाचं बोलणार नाही. पण तुमचा प्रश्न हास्यास्पद अजिबात नाही, उलट परीक्षेत द्यावा इतका चांगला आहे.

'मला कळतं' असं जे तुम्ही म्हणता, ते कपाळामागचा विचार करणारा भाग म्हणतो. आवाज कानातून आत शिरला की त्याची एक वाट जवळजवळ सरळ अमिग्डालाकडे जाते. बदामाएवढा पुंजका तो, भीतीची घंटा वाजवणारा. दुसरी वाट मेंदूच्या बाहेरच्या थरातून, नीट छाननी होऊन, मग तिथे पोचते. जोसेफ लडू या शास्त्रज्ञानं उंदरांवर काम करून या दोन वाटा मांडल्या. पहिली झटपट, पण ढोबळ. तिला गुडगुड एवढंच समजतं. खिडकीकडून की न्हाणीघरातून, एप्रिल की सप्टेंबर, याच्याशी तिला घेणं-देणं नाही. छाननीचा कागद येईपर्यंत तुमचा हात फरशीला लागलेला असतो.

आणि भीती पसरते, हे तर शंभर वर्षांपासून माहीत आहे. १९२० साली वॉटसन आणि रेनर या दोघांनी एका तान्ह्या बाळाला पांढरा उंदीर दाखवून त्याच वेळी मागे लोखंडी दांड्यावर हातोडा हाणला. असं काही वेळा केल्यावर बाळ उंदराला तर भ्यायलंच, पुढे सशाला आणि केसाळ कोटालाही भ्यायलं. (दरवर्षी हा प्रयोग शिकवताना माझ्या पोटात कालवायचं. त्या बाळाची भीती काढायची राहूनच गेली.) तुमची मोरी म्हणजे तो उंदीर, आणि कूलर म्हणजे कोट.

आता त्रिमूर्तीनगरचं कोडं. तिथे तुम्ही बरे झालात, हे खोटं नव्हतं. पण भीती विरते तेव्हा जुनी पाटी पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी पाटी लागते. आवाज ऐकवून लगेच खाणं द्यायची सवय लावली की कुत्र्याला नुसत्या आवाजानंही लाळ सुटते. मग खाणं न देता आवाज ऐकवत राहून ती लाळ थांबवली, तरी थोडा वेळ जाऊ दिला की परत सुटते, हे खुद्द पावलोव या रशियन शास्त्रज्ञानं नोंदवलंय. पुढे मार्क बाउटन या मानसशास्त्रज्ञानं उंदरांवर दाखवलं की एका पेटीत बसलेली भीती दुसऱ्या पेटीत नेऊन घालवली आणि उंदराला परत पहिल्या पेटीत सोडलं, की भीती हजर! धोक्याची शिकवण कुठेही सोबत येते. सुरक्षिततेची शिकवण मात्र जागेला चिकटून बसते, आणि जागेचा हिशेब हिप्पोकॅम्पस नावाचा भाग ठेवतो. तुमचा मेंदू शिकला ते एवढंच, की तिसऱ्या माळ्यावर पाणी येत नाही. त्यात त्याचं काय चुकलं? तळमजल्याबद्दल त्याला कुणी काही शिकवलंच नाही.

मला खरी खटकली ती तुमची वीट. विटा ठेवल्या आणि पाणी आलं नाही, की मेंदू श्रेय विटांना देतो. फरशी चाचपली, कोरडी निघाली, श्रेय हाताला. कूलर बिचारा निरुपद्रवी आहे हे सिद्ध व्हायची संधीच मिळत नाही. तेव्हा गुडगुड मुद्दाम ऐका. आधी दिवसाढवळ्या, चहा पीत. टाकी रिकामी होऊ द्या आणि हात मांडीवर ठेवून बसून राहा, धडधड आपोआप उतरेपर्यंत. मग दिवेलागणीला, मग रात्री, मग दुसऱ्या खोलीत. जितक्या वेगवेगळ्या वेळा आणि जागा, तितकं चांगलं. विटा उन्हाळ्यात काढा. सप्टेंबरात, चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडायला लागलं, तर मात्र खुशाल उठा आणि फरशी पाहा. तेव्हा भीती बरोबरच असेल. कागदपत्रं वरच्या फळीवर कायमची ठेवा, त्याला मी भित्रेपणा म्हणणार नाही.

एक मात्र ऐका. जागेपणी ती रात्र डोळ्यांसमोर परत घडत असेल, स्वप्नं पडत असतील किंवा काम सुटत असेल, तर हे एकट्यानं करू नका. अशा उपचारांत तयार झालेल्या माणसाकडे जा. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं.

बुटीबोरी_अपडाऊन

मावशींना दुजोरा. तीन वर्षांपूर्वी वर्धा रोडवर मला ट्रकचा कट लागला. पाय जुळला, पण ट्रकच्या एअरब्रेकचं ते 'फुस्स' ऐकलं की मी गाडी सोडून फुटपाथवर. माझ्या समुपदेशक बाईंनी मला आधी चहाच्या टपरीवर बसवलं, सिग्नलपासून बरीच लांब. 'फुस्स' मोजायचे आणि प्रत्येक वेळी भीती दहापैकी किती ते वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी नऊ, नऊ, आठ, नऊ. राग आला होता मला, पैसे देऊन ट्रक मोजतेय म्हणून! दोन आठवड्यांनी तीनवर आले. मग दिवाळीच्या सुट्ट्या झाल्या, परत गेले तर सरळ आठ. रडले तिथेच. बाई म्हणाल्या, हे होणारच होतं, बस. आणि खरंच, आठवरून तीनवर यायला त्या वेळी दोन आठवडे नाही लागले, चार दिवस लागले. तेव्हा दादा, मध्येच एखादी रात्र वाईट गेली तर वही फाडू नका.

तळमजला_अंबाझरी

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा.

मावशी, पहिल्या दिवशी दुपारी चारला बसलो. टाकीत मुद्दाम दोनच बादल्या पाणी टाकलं. गुडगुड सुरू झाली आणि भरदिवसा, आई समोर शेंगा सोलत असताना, माझे तळहात घामानं ओले. नऊ लिहिलं. हात मांडीखाली दाबून बसलो, कारण मांडीवर राहीना. अकरा मिनिटांनी पाच. आईनं विचारलं काय करून राहिला, तर मी म्हटलं अभ्यास.

सहाव्या दिवशी एक गंमत लक्षात आली. कूलरच्या गुडगुडीत मागे पंख्याचा घरघर आवाज असतो, आणि ती खिडकीकडून, डोक्याच्या वरून येते. मोरीची खालून, पायाकडून येते. इतके दिवस हा फरक माझ्या कानाला ऐकूच आला नव्हता. विटा दहाव्या दिवशी काढल्या. ती रात्र जवळजवळ जागूनच काढली, खोटं कशाला बोलू. पोतं आईनं गुपचूप परत ठेवलेलं सकाळी दिसलं. तिला मी काही बोललो नाही, तिचं तिच्या गतीनं होईल.

सध्या रात्री तीन-चारवर असतो. जाग येते, पण हात खाली जात नाही. बॅग कपाटावर गेली.

काल रात्री मात्र दीडला घामाघूम होऊन उठलो. म्हटलं, आली परत. दोन मिनिटं तसाच पडून राहिलो, मग समजलं की छाती शांत आहे आणि आवाजच नाहीये. रोज कोरडा चालवून चालवून पंप जळला होता, आणि मी नुसत्या उकाड्यानं जागा झालो होतो. साडेतीनशेचा नवा आणला. दुकानदार म्हणाला, भाऊ, टाकी खाली नका ठेवत जाऊ.