मदत हवी आहे: मादी शॅमेलिऑन अंड्यावर आली आहे, खड्डे उकरते आणि अर्धवट सोडून देते

नमस्कार मंडळी. घाईत लिहिते आहे, शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करा. आमच्याकडे व्हेल्ड शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा, आपल्याकडच्या घोयऱ्या-सरडगुहिऱ्याच्या कुळातला) आहे, मूळची येमेन आणि सौदी अरेबियाच्या डोंगराळ भागातली जात, डोक्यावर उंच तुरा असतो ती. नाव पाचू, वय साधारण दहा महिने. आम्ही डॅलसजवळ राहतो. लेकीच्या अकराव्या वाढदिवसाला ऑक्टोबरमध्ये आणली, तेव्हा जेमतेम बोटाएवढी होती. दुकानदाराने 'नर आहे' म्हणून सांगून दिली. या जातीच्या नराला जन्मल्यापासून मागच्या पायाच्या टाचेवर एक बारीक उंचवटा असतो आणि तो हिला नाही, हे आम्हाला मार्चमध्ये कळलं. म्हणजे मादीसाठी जी तयारी आधीपासून हवी होती, ती आम्ही केलीच नव्हती. याचं मला फार वाईट वाटतंय.

नराशी हिचा कधीच संबंध आलेला नाही. कोंबडी जशी कोंबड्याशिवायही अंडी देते तशी हीसुद्धा देते, एवढं वाचून समजलं आहे. तीन आठवड्यांपूर्वी अंगावर निळसर हिरवे ठिपके आणि मोहरीसारखा पिवळा रंग आला. आता ती गडद, जवळजवळ काळपट हिरवी दिसते आणि पोट दोन्ही बाजूंनी बटाटे भरल्यासारखं उंचसखल झालं आहे. आज वजन केलं, १२१ ग्रॅम भरलं.

पाच दिवसांपासून खाणं जवळपास बंद आहे, पाणी मात्र पिते. एरवी फांदी न सोडणारी ही बाई परवापासून पिंजऱ्याच्या तळाशी फिरते आहे, जाळीवर चढते, कोपरे ओरबाडते. मी प्लॅस्टिकच्या डब्यात ओली वाळू भरून ठेवली. डबा १२ इंच लांब, ८ इंच रुंद, वाळू साधारण ६ इंच. कालपासून तिने त्यात तीन खड्डे खणले आणि तिन्ही सोडून दिले. लेक पिंजऱ्यासमोर बसून सगळं टॅबवर टिपते आहे, तिच्या व्हिडिओत स्पष्ट दिसतं की पाचू खाली पोचते, थोडा वेळ थांबते आणि वर येते.

बाकी माहिती: पिंजरा जाळीचा, २ फूट बाय २ फूट, उंची ४ फूट. यूव्हीबीची (अतिनील किरणांची) लांब ट्यूब आहे, बारा तास. ऊब घ्यायच्या फांदीवर ९५ फॅरनहाइट. खाणं रोज दहा-बारा रातकिडे, त्यावर कॅल्शियमची पावडर, आठवड्यातून दोन-तीनदा. आठवत असेल तेव्हा, हे प्रामाणिकपणे सांगते.

आमच्या जवळच्या प्राण्यांच्या दवाखान्यात फोन केला, ते सरपटणारे प्राणी बघत नाहीत म्हणाले. माझे प्रश्न एवढेच: किती दिवस थांबायचं? मी स्वतः खड्डा करून दिला तर चालेल का? आणि 'आता अडली आहे' हे ओळखायचं कशावरून? कोणी पाळली असेल तर कृपया सांगा, रात्री झोप लागत नाहीये.

प्रतिसाद, रात्री ९:४०

ताई, मी श्टुटगार्टला असते. आमच्याकडे याच जातीच्या दोन माद्या होऊन गेल्या, दोघींची बाळंतपणं जवळून बघितली आहेत. तुमच्या वर्णनावरून तरी ती अडलेली नाही. ती जागा शोधते आहे आणि तिला हवी तशी जागा मिळत नाहीये.

डबा उथळ आहे. ६ इंचांवर तिचे पंजे प्लॅस्टिकला लागतात, म्हणून ती 'इथे खाली खडक आहे' असं समजून खड्डा सोडते. वाळूची खोली कमीत कमी १२ इंच हवी, लांबी-रुंदीही तेवढीच. दुकानात लहान मुलांच्या खेळण्यासाठी धुतलेली वाळू मिळते ती घ्या. नुसती वाळू चालते, किंवा तिच्यात खत आणि औषध नसलेली माती मिसळा. ओल किती? मुठीत दाबली की लाडवासारखी वळली पाहिजे, पण पाणी निथळता कामा नये. मग बोटाने तिरका बोगदा करून बघा. तो ढासळला नाही तर वाळू जमली. ढासळणाऱ्या बोगद्यात मादी गाडली जाऊ शकते, म्हणून ही परीक्षा टाळू नका.

खड्डा पूर्ण करून देऊ नका, फक्त एका कोपऱ्यात दोन-तीन इंचांची सुरुवात करून ठेवा. पटलं तर ती तिथून पुढे जाते.

आता लेकीला समजावून सांगायची गोष्ट. हा टॅब बंद करा. खणताना कोणी बघतंय हे तिच्या लक्षात आलं तर ती चांगला झालेला खड्डासुद्धा सोडते. शत्रूने अंड्यांची जागा पाहिली, असाच त्याचा तिच्या लेखी अर्थ होतो. पिंजऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागाला चादर लावा, हवा खेळू द्या, आणि बघायचंच असेल तर चादरीला नाण्याएवढी फट ठेवून लांबून. दिवे नेहमीच्या वेळेला बंद करा. ती बोगद्यात असली तरी रात्री अंधारच हवा. ती तिथेच झोपेल, सकाळी परत कामाला लागेल. आमच्या पहिलीने दीड दिवस घेतला होता.

प्रतिसाद, रात्री ११:१५

मी पशुवैद्य आहे, कॅलिफोर्नियात काम करतो. न बघता उपचार सांगणार नाही, पण थांबायचं की निघायचं हे ठरवायला मदत करू शकतो.

दिवसा डोळे उघडे आणि टपोरे, पकड घट्ट, चढउतार चालू, पाणी पिते आहे: थांबा. न खाणं या काळात स्वाभाविक आहे, पोटात जागाच उरलेली नसते.

दिवसा डोळे मिटून बसणं, डोळे खोल जाणं, फांदीवरून घसरणं किंवा पंजाची पकड सुटणं, तळाशी पडून राहणं, ऊन नसताना तोंड उघडं ठेवणं, खणून खणून थकली पण अंडं नाही, किंवा थोडी अंडी घालून बाकीची आत राहिल्यासारखी वाटणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, या प्राण्यांचं आजारपण दिसायला लागतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

दवाखान्यात एक्सरे काढून अंडी किती, कवच धरलेली आहेत का, हाडं कशी आहेत हे बघतात. शरीरात कॅल्शियम कमी असेल तर गर्भाशयाचे स्नायू नीट आवळत नाहीत, म्हणून आधी पाणी आणि कॅल्शियम भरून काढतात, मग गरज वाटली तर ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आवळायला लावणारं औषध. त्यानेही झालं नाही तर शस्त्रक्रिया. इंटरनेटवर वाचून घरी कॅल्शियमचं द्रव औषध अंदाजाने पाजू नका आणि पोट चोळून अंडी खाली सरकवायचा प्रयत्न तर मुळीच नको, आत फुटतात.

डॉक्टर शोधायला असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटरिनेरियन्सच्या संकेतस्थळावर यादी आहे. आज रात्रीच तुमच्या भागातला नंबर काढून ठेवा, वेळ आली तर शोधाशोध नको. त्यांना फोनवर 'अंडी अडल्याची शंका' एवढे शब्द सांगा, मग लगेच वेळ देतात.

तुमचं कॅल्शियम कमी पडलं आहे आणि खाणं-ऊब दोन्ही जास्त झालं आहे. त्याबद्दल नंतर बोलू, आज ते बदलून उपयोग नाही.

धागाकर्ती, दुसऱ्या दिवशी सकाळी

दोघांचे खूप आभार. नवरा रात्रीच मोठा डबा आणि वाळू घेऊन आला. १४ इंच खोल भरली आहे, बोटाचा बोगदा उभा राहिला. सकाळी चादर लावली.

माझी आई सावंतवाडीहून आलेली आहे. पहिल्या आठवड्यात ती पिंजऱ्याच्या खोलीत पाऊलही टाकत नव्हती, कारण आमच्या गावाकडे सरडगुहिरा दिसला की लोक विषारी म्हणून काठीच काढतात. त्याला विष नसतं हे तिला अजून पूर्ण पटलेलं नाही. पण काल तीन खड्डे बघून तीच म्हणाली, "अगो, तिका आडोसो होयो. कोंबडी तरी चार माणसांदेखत खुडूक बसता काय?" श्टुटगार्टच्या ताईंचा प्रतिसाद यायच्या आधी म्हणाली होती. आणि मी तिचं ऐकलं नाही.

लेकीने टॅब कपाटात ठेवला आहे. दाराबाहेर बसून चित्र काढते आहे.

प्रतिसाद, दुपारी १:०५

धाग्याचा विषय थोडा वेगळा आहे, पण विचारतो. आमच्या संगमेश्वरच्या बागेत असाच एक घोयरा जमिनीवर उतरून माती उकरताना दिसला. पोट मोठं आहे. मांजरं फिरतात म्हणून खोक्यात घालून घरात ठेवला तर चालेल का? अंडी झाल्यावर सोडून देईन.

प्रतिसाद, दुपारी १:३०

नका ठेवू दादा. आपल्याकडचा शॅमेलिऑन १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, चांगल्या हेतूनेसुद्धा घरात ठेवता येत नाही. आणि तिच्या दृष्टीनेही ते वाईटच. ती झाडावरून मुद्दाम उतरली आहे, तिला तीच माती हवी आहे. मांजरं दोन दिवस घरात कोंडा, कुत्र्याला बांधा, तिकडे कोणाला जाऊ देऊ नका. ती खड्डा बुजवून, माती थापून आपली आपण झाडावर जाईल. जागेवर खूण करून ठेवा, म्हणजे कुदळ लागणार नाही. जखमी दिसली तरच वनविभागाला कळवा, हेल्पलाइन १९२६.

धागाकर्ती, तिसऱ्या दिवशी रात्री

झालं! काल दुपारी तीनला ती डब्यात उतरली. संध्याकाळपर्यंत फक्त शेपटीचं टोक दिसत होतं. रात्री आतच होती. मी दोनदा उठून दाराशी गेले, आत गेले नाही. आज अकराच्या सुमारास तोंड वर करून बाहेर आली आणि मग दोन तास मागच्या पायांनी वाळू लोटत राहिली. सगळं सपाट करून झाल्यावर फांदीवर चढली. वाळूने माखलेली, कातडी सैल, कुशीला खळगे. मला तिच्याकडे बघून रडू आलं.

लगेच कोमट पाण्याचा फवारा बराच वेळ चालू ठेवला, ती घटाघटा प्यायली. नंतर कॅल्शियम लावलेले पाच रातकिडे खाल्ले. वजन ८३ ग्रॅम. ती वर गेल्यावर वाळू चमच्याने उपसली, तळाशी ३४ अंडी निघाली, पांढरी, लांबट, सगळी एकत्र.

डॉक्टरसाहेब, आत काही उरलं आहे का हे कसं कळेल? आणि लेक विचारते आहे, एखादं तरी उबवून बघू का.

प्रतिसाद, रात्री १०:२०

अभिनंदन. उद्या-परवा ती हिंडती-फिरती राहिली, खाल्लं, पोट मऊ लागलं तर काळजीचं कारण नाही. पुन्हा तळाशी जाऊन उकरायला लागली किंवा मलूल झाली तर एक्सरे काढा. तसंही एकदा सरपटणाऱ्यांच्या डॉक्टरांना दाखवून हाडं तपासून घ्याच.

लेकीला खरं सांगा. नर न भेटलेल्या मादीची अंडी उबत नाहीत, काही दिवसांत पिवळी पडून बुरशी धरतात. नर भेटला असता तर गोष्ट वेगळी होती, या माद्या नराचं बीज शरीरात साठवून पुढच्या खेपेलाही वापरतात. आणि मग पिल्लांसाठी सहा ते नऊ महिने वाट पाहावी लागते.

आता खाण्याचं. दोन-तीन दिवस पोटभर द्या, झीज भरून येऊ दे. नंतर हळूहळू एकाआड एक दिवस तीन-चार किडे, बस. ऊब ८०च्या आसपास आणा. साधं, डी३ जीवनसत्त्व नसलेलं कॅल्शियम प्रत्येक खाण्याला थोडंसं, डी३ असलेलं आणि जीवनसत्त्वं महिन्यातून दोनदा. भरपूर खाणं आणि भरपूर उष्णता मिळाली की तिचं शरीर सुगी आहे असं समजून अंडी वाढवत जातं आणि दर तीन-चार महिन्यांनी हीच वेळ येते. हात आखडता ठेवलात तर अंडी कमी होतील, खेपाही कमी होतील आणि तिचं आयुष्य वाढेल.

प्रतिसाद, रात्री १०:४५

ताई, मी श्टुटगार्टवाली. एक राहिलं: वाळूचा डबा आता काढू नका. पिंजऱ्यात कायमचा राहू दे, ओल बघत राहा. पुढच्या वेळी ती उतरेल तेव्हा जागा तिच्या ओळखीची असेल.

धागाकर्ती

डबा तिथेच ठेवला आहे. रातकिड्यांचं नवं वेळापत्रक लेकीने फ्रिजवर लावलं आहे, कॅल्शियमच्या खुणेसह. आई आत्ता पहिल्यांदा त्या खोलीत गेली, चादर काढून घडी करून ठेवली आणि लांबूनच तिला म्हणाली, "दमलंस मां बाय, नीज आता." दिवे बंद केले आहेत. पाचू फिकट पोपटी होऊन झोपली आहे.