ब्लॉगवर विश्वास का ठेवायचा? आणि पेपरवर तरी का?

पाटीपेन्सिल
परवा एका जुन्या मित्राशी कडाक्याचं वाजलं. त्याचं म्हणणं, ब्लॉग म्हणजे भिंतीवर खरडणं. कुणीही यावं, काहीही लिहावं. पत्रकारिता म्हणजे जबाबदारी. मला हे अजिबात पटत नाही. नावाच्या पाटीवरून विश्वास ठरवायचा असेल तर सप्टेंबर २००४ आठवा. अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीने तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या नॅशनल गार्डमधल्या (राखीव सैन्यदलातल्या) सेवेबद्दल काही कागद दाखवले, १९७०च्या दशकात टाइप केलेले म्हणून. त्याच रात्री नेटवर लोकांनी अक्षरांवर बोट ठेवलं. तेव्हाच्या साध्या टाइपरायटरवर प्रत्येक अक्षर सारखीच जागा खातं, इथे बारीक अक्षराला कमी आणि रुंद अक्षराला जास्त जागा. एका ब्लॉगलेखकाने तोच मजकूर संगणकावर मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये टाइप करून मूळ कागदावर ठेवला, तर ओळी जुळल्या. म्हणजे कागद जुने नसून संगणकावर केलेले असावेत. वाहिनी बारा दिवस आपलंच घोडं दामटत राहिली आणि मग कागद अस्सल असल्याचं सिद्ध करता येत नाही असं तिला कबूल करावं लागलं. आता सांगा, पत्रकाराचं काम त्या रात्री कुणी केलं?

उंबरठा
मी चौदा वर्षं उपसंपादक होते, म्हणून लिहिते. तुम्ही चुकलेली एक बातमी दाखवता, पण डेस्कवर, म्हणजे छापण्याआधी बातम्या तपासणाऱ्या विभागात, अडवलेल्या बातम्या तुम्हाला कधीच दिसत नाहीत, कारण त्या छापूनच येत नाहीत. एका रात्री अपघाताची बातमी आली, सोबत मृतांची यादी. पान लावून झालं होतं. एका नावापुढचं वय मला खटकलं, कारण जखमींच्या यादीत तेच आडनाव आणि तेच वय होतं. रुग्णालयात तिसऱ्यांदा फोन लावला. बाई वॉर्डात होत्या, जिवंत. पान अकरा मिनिटं उशिरा सुटलं आणि मी बोलणी खाल्ली. सकाळी त्या घरात पेपर गेला तेव्हा तिथे कुणी आक्रोश केला नाही. तुमच्या ब्लॉगवाल्याच्या खोलीत रात्री अकराला हे वय कुणाला खटकणार?

रानवाट
उंबरठा यांच्याशी शंभर टक्के सहमत. २०११ मध्ये सीरियाच्या राजधानीतल्या, दमास्कसमधल्या एका तरुणीचा ब्लॉग जगभर गाजला. जूनमध्ये तिचं अपहरण झाल्याची नोंद आली आणि सुटकेसाठी मोहिमा सुरू झाल्या. ती तरुणी अस्तित्वातच नव्हती! एडिनबर्गमध्ये शिकणारा चाळीस वर्षांचा अमेरिकन पुरुष ते सगळं लिहीत होता. फोटोही दुसऱ्याच बाईचे. सीरियात त्या वेळी खरोखर जिवावर उदार होऊन लिहिणाऱ्यांवर त्यानंतर संशय घेतला गेला. हे नुकसान कोण भरून देणार? टोपणनावाला ना लाज असते, ना पत्ता.

पाटीपेन्सिल
@रानवाट, ते प्रकरण मलाही आजही बोचतं. पण त्या काल्पनिक तरुणीला मुलाखती आणि बातम्यांतून मोठं केलं ते नामांकित वृत्तपत्रांनीच. प्रत्यक्ष न भेटता. बिंग फुटलं ते पत्रकार आणि ब्लॉगलेखक अशा दोघांच्या खटपटीतून.
टोपणनावाचं म्हणाल तर काही देशांत खऱ्या नावाने लिहिणं म्हणजे तुरुंग. सौदी अरेबियात रईफ बदावी यांना ब्लॉगपायी दहा वर्षं कैद आणि हजार फटक्यांची शिक्षा झाली. जानेवारी २०१५ मध्ये पहिले पन्नास फटके चारचौघांत मारले.

कोरापान
पैशांबद्दल कुणीच बोलत नाही. मी वस्तूंची परीक्षणं लिहितो. एकदा कंपनीने फोन फुकट पाठवला आणि मी तो परत केला नाही. बॅटरी टिकत नव्हती, पण "दिवसभर सहज पुरते" असं लिहून गेलो. खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं, हात आपोआप सैल सुटला. तेव्हापासून कुठलीही वस्तू मिळाली की पहिल्याच ओळीत लिहितो. अमेरिकेत २००९ साली फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित जपणाऱ्या सरकारी संस्थेने) असं जाहीर करणं ब्लॉगलेखकांसाठीही आवश्यक ठरवलं. पेपरांत निदान जाहिरात विभाग आणि संपादकीय विभाग यांच्यात भिंत असते. निदान असायला हवी. ब्लॉगवर दोन्ही खुर्च्यांवर मीच बसलेला असतो.

पाटीपेन्सिल
@कोरापान, हे उघड लिहिलंत, मनापासून आभार. माझा मुद्दा नेमका हाच आहे. कसं कळलं आणि कुणाकडून काय घेतलं, हे दाखवणारा विश्वासार्ह, मग तो कुठेही लिहो. एलियट हिगिन्स घ्या. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात २०१२ मध्ये ब्लॉग सुरू केला. पत्रकारितेचं शिक्षण नाही, अरबी येत नाही, सीरिया पाहिलेला नाही. यूट्यूबवरचे व्हिडिओ थांबवून थांबवून तो शस्त्रं ओळखायचा. पुढे त्याने बेलिंगकॅट हा नेटवरच्या उघड पुराव्यांवरून शोध घेणारा गट काढला. १७ जुलै २०१४ ला पूर्व युक्रेनवर मलेशियाचं एमएच १७ हे प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडलं गेलं, २९८ माणसं गेली. बेलिंगकॅटने रस्त्यावरच्या फोटोंमधले खांब, दुकानांच्या पाट्या, क्षेपणास्त्र गाडीवरचे ओरखडे जुळवून ती गाडी रशियन लष्कराच्या ५३व्या विमानविरोधी क्षेपणास्त्र ब्रिगेडपर्यंत नेऊन भिडवली. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय तपास पथकही तिथेच पोचलं. महत्त्वाचं हे की प्रत्येक फोटो, प्रत्येक जागा लेखात दिलेली होती. शंका असेल तर वाचकाने स्वतः नकाशा उघडून ताडून पाहावं. "सूत्रांच्या माहितीनुसार" या दोन शब्दांपेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे.

उंबरठा
"सूत्रं" असतात म्हणून कित्येक माणसं बोलायला धजावतात. नाव दिलं तर त्यांची नोकरी जाते, कधी जीवही. अशा माणसाकडे फोटोतला खांब दाखवावा तसं बोट दाखवता येत नाही. तिथे संपादकाला सूत्र माहीत असतं आणि तो जोखीम घेतो.
आणि हिगिन्सचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. तो एकटा राहिला नाही. त्याने माणसं जमवली, एकमेकांचं काम तपासायची पद्धत बसवली. म्हणजे त्याने डेस्कच उभं केलं!

पाटीपेन्सिल
हो, हे मानतो. एकट्याने लिहिण्याची मर्यादा मी कमी लेखत होतो. पण दुरुस्तीचं काय? पहिल्या पानावर चार कॉलमांत चूक, आणि आठवड्याने आतल्या पानावर कोपऱ्यात दोन ओळींचा खुलासा. ज्याची बदनामी झाली त्याच्या शेजाऱ्यांनी ते पान उघडलेलंही नसतं. मी ब्लॉगवर चुकलो तर त्याच वाक्यावर रेघ मारून शेजारी बरोबर मजकूर आणि तारीख देतो.

उंबरठा
कोपऱ्यातला खुलासा ही आमची लाजिरवाणी सवय आहे, मी त्याचं समर्थन कधीच केलं नाही. पण तुम्ही रेघ मारता, बाकीचे किती मारतात? बहुतेक जण गुपचूप वाक्य बदलतात आणि वर मी तसं म्हणालोच नव्हतो असं सांगतात. छापलेला पेपर रद्दीत गेला तरी पुरावा उरतो. आणि वेबवर आल्यापासून पेपरही गुपचूप मजकूर बदलू लागलेत, त्याचा मला ब्लॉगपेक्षा जास्त संताप येतो.

पाटीपेन्सिल
शेवटच्या ओळीवर आपलं एकमत. बाकी वाद चालू राहू दे, पण तुमच्या त्या अपघाताच्या यादीने मला दोन रात्री सोडलं नाही. काल नवा लेख टाकण्याआधी बहिणीला वाचायला दिला. तिने एकाच वाक्याखाली रेघ ओढली. "या जागेच्या व्यवहाराची कल्पना अधिकाऱ्यांना होती, असं कळतं." समासात लिहिलं होतं, "कुणाकडून कळतं?" मला उत्तर देता आलं नाही. वाक्य काढलं, लेख अजून टाकलेला नाही.