जिमनीला २३५/७५ आर१५ टायर बसवल्यानंतर ॲव्हरेज इतके का घसरले?

प्रश्न : भोरवाट

नमस्कार. माझ्याकडे २०२३ ची मारुती सुझुकी जिमनी, पाच गिअरची मॅन्युअल आहे. आठवडाभर ती पुणे ते चाकण धावते आणि शनिवार-रविवारी भोरच्या पुढे आमच्या शेतावर जाते. शेताआधीचा शेवटचा दीड किलोमीटर पाणंद रस्ता आहे. पावसाळ्यात तेथे गाडीबरोबर आलेले १९५/८० आर१५ टायर (रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १५ इंची), झिजत आल्यावर तर फारच, जागच्या जागी फिरत असत. म्हणून ते काढून २३५/७५ आर१५ मापाचे ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांसाठीचे) टायर त्यांना साजेशा रुंद अलॉय व्हीलसह बसवले आणि गाडी दीड इंच उचलून घेतली.

चिखलाची अडचण पूर्ण सुटली. मात्र पूर्वी टाकी ते टाकी मोजून लिटरला १४.६ किलोमीटर मिळत होते, ते आता १२.३ वर आले आहे. टायर विकणाऱ्याने सांगितले होते की मोठे चाक एका फेरीत जास्त अंतर कापते, त्यामुळे ॲव्हरेज उलट वाढेल. गॅरेजवाले म्हणतात की डिफरन्शियलचे (इंजिनची ताकद चाकांना वाटून देणाऱ्या पेटीचे) गिअर बदलल्याशिवाय इलाज नाही. यातले खरे काय? सोळा टक्क्यांची घट केवळ टायरमुळे होऊ शकते का, की इंजिन तपासून घ्यावे?

उत्तर १ : यंत्रशिक्षक

इंजिन उघडण्याआधी आपला किलोमीटरचा आकडा तपासा, कारण घटीचा बराच भाग तेथेच आहे.

१९५/८० आर१५ टायरचा व्यास ६९३ मिलिमीटर भरतो आणि २३५/७५ आर१५ चा साधारण ७३३.५ मिलिमीटर, म्हणजे ५.८ टक्के अधिक. ओडोमीटर रस्ता मोजत नाही. तो चाकाच्या फेऱ्या मोजतो आणि प्रत्येक फेरीला जुन्या टायरचाच परीघ धरतो. आपली गाडी प्रत्यक्षात १०० किलोमीटर धावली की मीटरवर सुमारे साडेचौऱ्याण्णवच पडतात, आणि डॅशबोर्डवरच्या ॲव्हरेजचा हिशेब त्याच फेऱ्यांवर चालत असल्यामुळे तोही तितकाच कमी दिसतो. याच्या उलट, जुने टायर झिजले होते असे आपण लिहिले आहे. ट्रेड (रस्त्याला टेकणारा नक्षीचा थर) पाच मिलिमीटर झिजला की व्यास दहा मिलिमीटरने घटतो आणि मीटर सुमारे दीड टक्का अंतर वाढवून दाखवतो. म्हणजे आपले पूर्वीचे १४.६ थोडे फुगलेले होते आणि आताचे १२.३ आक्रसलेले आहे. दोन्ही दुरुस्त केल्यास तुलना साधारण १४.४ आणि १३ यांची होते, म्हणजे खरी घट दहा टक्क्यांच्या आसपास. महामार्गावर जीपीएस लावून पन्नास किलोमीटर चालवा आणि मीटरशी ताडून पाहा.

उरलेली दहा टक्के मात्र खरी आहे, आणि तिचे मुख्य कारण टायरचा व्यास नसून टायरची घडण आहे. टायर रस्त्यावर दबतो, पुन्हा मूळ आकारात येतो, आणि या दबण्या-उघडण्यात रबर जी उष्णता निर्माण करते ती आपल्या पेट्रोलमधूनच येते. ऑल-टेरेन टायरचे ट्रेडचे ठोकळे उंच आणि सुटे असतात, रबर जास्त असते, त्यामुळे प्रत्येक फेरीत जास्त ऊर्जा उष्णतेत जाते. २००६ साली अमेरिकेतील वाहतूक संशोधन मंडळाच्या अहवालात असा अंदाज मांडला होता की टायरचा घरंगळण्याचा विरोध दहा टक्क्यांनी बदलला, तर इंधनाचा खप एक ते दोन टक्क्यांनी बदलतो. हायवे टायरवरून ऑल-टेरेनवर जाताना हा विरोध दहा टक्क्यांहून बराच जास्त वाढू शकतो.

त्यात वजनाची भर पडते. टायरच्या कडेचे एक किलो गाडीला वेग देताना जवळजवळ दोन किलोंसारखे वागते, कारण ते पुढेही न्यावे लागते आणि फिरवावेही लागते. सलग वेगात याचा फारसा फरक पडत नाही, परंतु चाकणच्या सिग्नलांवर प्रत्येक वेळी ती ऊर्जा नव्याने घालावी लागते आणि प्रत्येक ब्रेकबरोबर ती वाया जाते.

विक्रेत्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. चाक मोठे झाले की किलोमीटरमागे इंजिनच्या फेऱ्या कमी होतात, पण गाडी ओढायला लागणारे काम कमी होत नाही. तेवढेच काम कमी फेऱ्यांत करायचे म्हणून प्रत्येक फेरीवर जास्त भार येतो. जिमनीचे दीड लिटरचे इंजिन १३४ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते, तोही मिनिटाला ४००० फेऱ्यांवर. सपाट रस्त्यावर ते निभावून नेते; घाटात पूर्वी चौथ्यावर चढणारी गाडी आता तिसरा मागते.

म्हणून डिफरन्शियल बदलण्याचा सल्ला या मापाला मला पटत नाही. अमेरिकेत जीप रँग्लरला ३५ इंची टायर लावणारे डिफरन्शियलचे ४.१० गुणोत्तराचे गिअर काढून ४.८८ चे बसवतात, कारण तेथे चाकांचा फरक मोठा असतो. सहा टक्क्यांसाठी तेवढा खर्च ॲव्हरेजमधून कधीच भरून येणार नाही.

उत्तर २ : घाटमाथा

वरील उत्तरात एक भर घालतो, कारण हीच चूक मी वर्षभर केली. मीटरवर ९५ ठेवून चालवायची सवय असेल, तर टायर बदलल्यानंतर त्याच ९५ ला गाडी पूर्वीपेक्षा सुमारे पावणेसहा टक्के जास्त वेगाने धावते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे सुमारे बारा टक्के जास्त. जिमनीसारख्या उभ्या पेटीच्या गाडीला तो सर्वांत महाग पडतो, आणि गाडी उचलल्यामुळे खालून जाणारी हवाही वाढते. मी मीटरवर ८० च्या आत राहू लागलो आणि फरक पहिल्याच टाकीत दिसला. छतावर रिकामा कॅरिअर असेल तर तोही उतरवून ठेवा.

दुसरी गोष्ट हवेची. शेतावर जाताना आपण हवा कमी करत असाल, तर डांबरी रस्त्याला लागताच ती पुन्हा भरता का? दरवाजाजवळच्या पट्टीवरचा आकडा मूळ टायरसाठी दिलेला आहे. नव्या टायरसाठी मी तेथून सुरुवात केली आणि खडूने ट्रेडवर आडवी रेघ ओढून सरळ रस्त्यावर थोडे अंतर गाडी चालवली. खडू फक्त मध्ये पुसला गेला तर हवा जास्त, फक्त कडांना पुसला गेला तर कमी. हे थंड टायरवर करावे.

उत्तर ३ : तळकोकणी

ज्यांनी अजून टायर घेतलेले नाहीत त्यांच्यासाठी लिहितो. २१५/७५ आर१५ चा व्यास ७०३.५ मिलिमीटर आहे, म्हणजे मूळपेक्षा फक्त दीड टक्का जास्त. मी याच मापाचे ऑल-टेरेन घेतले. चिखलात पकड ट्रेडमुळे मिळते. व्यासामुळे मिळते ती फक्त गाडीच्या पोटाखालची वीस मिलिमीटर जागा, तीही २३५ घेतला तर. आपल्या पाणंदीत खोल चाकोऱ्या नसतील, तर २१५ पुरला असता असे मला वाटते.

भोरवाट

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी जीपीएसने मोजले : ५० किलोमीटरला मीटरवर ४७.४ पडले. खडूची रेघ कडांना पुसली गेली, म्हणजे हवा कमीच होती. ती वाढवली, मीटरवर ८० च्या आत राहिलो आणि याच आठवड्यात ३३.२ लिटरमध्ये जीपीएसवर ४४८ किलोमीटर झाले, म्हणजे साडेतेरा. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर पूर्वीपेक्षा साडेचार-पाच लिटर पेट्रोल जास्त लागते.

चाकोऱ्यांबद्दल तळकोकणींना सांगायचे, तर उसाच्या ट्रॅक्टरांनी आमची पाणंद गुडघाभर खोल केली आहे, आणि १९५ असताना डिफरन्शियल मधल्या उंचवट्याला घासत असे. त्यामुळे २३५ ठेवतो आहे, डिफरन्शियलला हात लावत नाही.