तुम्हाला नोकरी कशाने लागली? (अनुभव धागा)

भोसरीकर: काल भाचा आलेला, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, सोफ्यावर लोळत मोबाईलवर धडाधड अप्लाय मारत होता. म्हणे मामा तुमच्या वेळी कसं करायचे? मग आठवलं सगळं. फोल्डरमध्ये बायोडाट्याच्या झेरॉक्स घेऊन भोसरी एमआयडीसीत गेटोगेट फिरायचो. साहेब भेटायचे नाहीत, पण वॉचमनशी गप्पा मारल्या की कळायचं क्वालिटीतला कोण सोडून गेला, कुठे तिसरी शिफ्ट चालू होणारे, पेपरात यायच्या आधीच! तशीच लागली पहिली. तुमचं सांगा.

घारी: बुधवारचा टाइम्स, असेंट पुरवणी! शेजारच्या काकांकडे यायचा, त्यांचं वाचून होईस्तोवर जीव जायचा

नाना६२: सेवायोजन कार्यालयाचं, म्हणजे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड विसरलात सगळे. रिन्यूअल चुकलं की सिनिऑरिटी गेली. १९९६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं नुसत्या एक्स्चेंजच्या यादीवर भरती नको, जाहिरातही द्या, मग कार्डाची वट संपली. मला कॉल आला तेव्हा पोरगी दुसरीत होती.

सुगरण: नाना 😂😂

मीनल_एच: एचआरमध्ये आहे म्हणून सांगते, तोच सीव्ही सगळीकडे टाकून काही होत नाही. एका जागेला एवढे अर्ज येतात की सगळे उघडणं शक्यच नसतं. आतल्या माणसाने रेफर केलं तर निदान फोन तरी जातो. आणि लाजू नका, बऱ्याच कंपन्यांत रेफर करणाऱ्याला बोनस मिळतो, तो काही उपकार करत नाही. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय

घारी: मीनलताई, जावेचा सीव्ही पाठवू का? बीकॉम आहे, टॅली येतं, मुलगा लहान म्हणून गॅप पडलीये

मीनल_एच: व्यनि (खाजगी निरोप) कर. गॅप लपवू नको म्हणावं, सरळ लिहायची.

चिपळूणचा_बाळ्या: आमच्या भावाकडून एका एजन्सीने रजिस्ट्रेशनचे पैसे घेतले, ऑफर लेटर पण आलं, शिक्का बिक्का मारून. पत्त्यावर गेलो तर पिठाची गिरणी. गिरणीवाला म्हणतो तुमच्या आधी पण येऊन गेले

सुगरण: दळण तरी आणायचं मग

फिटर_दादा: भोसरीकर, डिप्लोमा आहे ना, मग त्याला सरकारच्या नॅट्स पोर्टलवर अ‍ॅप्रेंटिसशिप बघायला सांगा. वर्षभर स्टायपेंड मिळतो, मशीनला हात लागतो आणि आतली माणसं ओळखीची होतात. आमच्या प्लँटला जागा निघाली की आधी जुन्या अ‍ॅप्रेंटिसलाच फोन जातो.

भोसरीकर: सांगतो दादा. पण फर्स्ट शिफ्टला त्याला उठवायचं कसं, त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल