पाच टीबीच्या ड्राइव्हवर कॉपी आधी सुसाट, मग ठप्प (लिनक्स मिंट)

रेशीमबागकर, रविवार रात्री ११.४०

नमस्कार. मी शाळेत मराठी शिकवते. कॉम्प्युटर माझा विषय नाही, पण लॅपटॉपवर सहा वर्षांपासून लिनक्स मिंट आहे आणि घरचं सगळं काम त्यावरच चालतं. दिवाळी झाली की सुट्टी पाहून मी वडसा, ब्रह्मपुरी, लाखांदूर या भागात झाडीपट्टीची नाटकं रेकॉर्ड करायला जाते. नाटक रात्री उभं राहतं ते पहाटेपर्यंत चालतं. एका रात्रीचे साठ-पासष्ट जीबी होतात आणि कॅमेरा त्याचे चार-चार जीबीचे तुकडे पाडतो. नऊ हंगामांत सत्तावीस नाटकं झाली, सगळं मिळून १.८ टीबी. जुने हंगाम तीन ड्राइव्हवर विखुरले होते आणि शेवटचे दोन लॅपटॉपवर होते. सगळं एका जागी असावं म्हणून नागपूरच्या बर्डीवरून पाच टीबीचा पोर्टेबल ड्राइव्ह आणला. अडीच इंची आहे, वेगळा अ‍ॅडॅप्टर लागत नाही.

कॉपी लावली की पट्टी पहिल्या तुकड्याला सेकंदाला ४०० एमबी दाखवते. मग ६०, मग ३०, मग १२, आणि पुढे हलतच नाही. तेवढ्या वेळात ब्राउझरसुद्धा उघडत नाही. कधी शंभर टक्के दाखवून विंडो पाच मिनिटं तशीच उभी असते, तर कधी लगेच बंद होते.

बुधवारी विंडो बंद झालेली दिसली. सकाळच्या शाळेची घाई होती म्हणून मी वायर काढली आणि निघाले. संध्याकाळी पाहिलं तर शेवटचा तुकडा शून्य आकाराचा, आणि त्याच्या आधीचा मधेच तुटतो. लॅपटॉपवरून कट-पेस्ट केलं होतं, त्यामुळे तिथेही नाही. शिमग्याआधीचा तो शेवटचा प्रयोग. त्यात माझे मामा ऑर्गनवर होते, आणि पाडव्यानंतर आठ दिवसांत ते गेले. जी पंधरा मिनिटं गेली त्यात त्यांनी वाजवलेली भैरवी आहे.

ड्राइव्ह खराब निघाला का? की माझं काही चुकून राहिलं?

हिंगणा रोड, रात्री १२.१५

ताई, वेगाचं मागाहून बघू. आधी सांगा, ते नाटक ज्या कार्डावर रेकॉर्ड झालं ते कार्ड कुठे आहे? त्यानंतर त्यावर काही घेतलं का?

रेशीमबागकर, रात्री १२.२२

कार्ड कपाटात आहे. लॅपटॉपवर घेतल्यावर कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं होतं. त्यानंतर मात्र कॅमेरा हातात घेतलाच नाही, मन झालं नाही.

हिंगणा रोड, रात्री १२.५०

मग धीर धरा. ते कार्ड आता कॅमेऱ्यात घालू नका, आणि बाजूचा लॉकचा खटका खाली करून ठेवा. कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट बहुतेक वेळा फाइलींची यादी तेवढी कोरी करते, मजकूर जागच्या जागी पडून असतो. लॅपटॉपच्या एसएसडीवर, म्हणजे आतल्या डिस्कवर, आशा ठेवू नका. डिलीट झालेली जागा मिंट आठवड्यातून एकदा ट्रिम करून एसएसडीला सोपवून देतो, मग तिथून काही निघत नाही. कार्डाची आधी ‘डीडीरेस्क्यू’ या प्रोग्रामने पूर्ण नक्कल लॅपटॉपवर घ्या आणि त्या नकलेवर ‘फोटोरेक’ हा पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम चालवा, कार्डावर नाही. एकाच रात्री एकामागून एक लिहिलेले तुकडे सलग असतात, त्यामुळे अखंड निघायची शक्यता चांगली आहे.

आता पट्टीचं. ते ४०० एमबी तुमच्या ड्राइव्हचे नाहीतच. लिहायला दिलेला डेटा लिनक्स आधी रॅममध्ये घेतो आणि कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला ‘झालं’ म्हणून सांगतो. ड्राइव्हवर उतरवणं मागून चालू असतं. किती साठू द्यायचं हे ठरलेलं असतं: वापरता येण्याजोग्या रॅमच्या १० टक्के झाले की मागून लिहिणं सुरू होतं, आणि २० टक्क्यांकडे जाऊ लागलं की कॉपीलाच अडवलं जातं. तुमची रॅम १६ जीबी धरू आणि त्यातली १२ मोकळी धरू. म्हणजे २.४ जीबीपर्यंत माल वाटेतच असू शकतो. ड्राइव्ह सेकंदाला १२ एमबीने घेत असेल तर तेवढं उतरायला २०० सेकंद लागतात. विंडो बंद झाली तेव्हा तुमची भैरवी रॅममध्ये होती, ताई. आणि कट-पेस्टमध्ये मूळ फाइल याच ‘झालं’वर विसंबून पुसली जाते. म्हणून महत्त्वाच्या वस्तूला कट-पेस्ट कधी करू नये. कॉपी करावी, तपासावी, मग हाताने पुसावी.

हे डोळ्यांनी पाहता येतं. ‘प्रॉक’ फोल्डरमधल्या ‘मेमइन्फो’ फाइलमध्ये ‘डर्टी’ (अजून उतरायचा डेटा) आणि ‘राइटबॅक’ (आत्ता उतरत असलेला) अशा दोन ओळी आहेत. कॉपी चालू असताना त्या पाहत राहा. दोन्ही शून्याच्या जवळ येईपर्यंत काम झालेलं नाही. टर्मिनलमध्ये ‘सिंक’ लिहिलं तर सगळं उतरल्यावरच ओळ परत येते. फाइल मॅनेजरमधलं ‘इजेक्ट’ही तेवढा वेळ थांबतं, त्याला घाई करू नका.

पट्टी खरी दिसावी आणि ब्राउझर अडकू नये यासाठी साठवण्याची मर्यादा टक्क्यांऐवजी बाइट्समध्ये द्या. लिनक्सच्या आतल्या सेटिंग बदलणाऱ्या ‘सिसकंट्रोल’मध्ये ‘व्हीएम डॉट डर्टी बाइट्स’ला २०९७१५२०० आणि ‘व्हीएम डॉट डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ला १०४८५७६००, म्हणजे २०० आणि १०० एमबी. दोन्ही नावांत शब्दांच्या मधे अंडरस्कोर येतो. याने ड्राइव्ह पळायला लागणार नाही, हे आधीच सांगतो.

खामला, सोमवार सकाळी ७.०५

वरच्या भाऊंनी पट्टीचं बरोबर सांगितलं, पण १२ एमबी कायले येऊन राहिले हा प्रश्न उरतोच. ताई, टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही यूएसबीला काय काय जोडलंय ते दाखवणारी कमांड ‘-टी’ जोडून चालवा. ड्राइव्हच्या ओळीच्या शेवटी ५०००एम आहे की ४८०एम? ४८० असेल तर यूएसबी २.० वर चालू आहे. मग ड्राइव्ह कितीही चांगला असो, सेकंदाला ३५-४० एमबीच्या वर जात नाही.

रेशीमबागकर, सोमवार दुपारी २.३०

४८०एम आहे. ड्राइव्हसोबतची वायर वीतभर आहे. टेबल कूलरसमोर असल्यामुळे पाण्याच्या तुषारांपासून ड्राइव्ह लांब ठेवायचा होता, म्हणून जुन्या मोबाइलच्या चार्जरची वायर लावली. ती नीट बसली आणि ड्राइव्ह दिसलाही, त्यामुळे काही शंका आली नाही.

खामला, सोमवार दुपारी २.४१

सापडलं. त्या ड्राइव्हची खाच दोन कप्प्यांची असते, एक रुंद आणि शेजारी एक अरुंद. मोबाइलची जुनी वायर रुंद कप्प्यात बरोबर बसते आणि ड्राइव्ह चालतोही, पण वेगाच्या तारा दुसऱ्या कप्प्यात आहेत. त्या जोडल्याच गेल्या नाहीत. सोबतची वायर पूर्ण दाबून लावा, लॅपटॉपच्या खाचेत थेट. जुने ड्राइव्ह अन् हा एकाच हबमध्ये लावू नका, दोघांचा रस्ता एकच होतो.

इतवारी छापखाना, सोमवार रात्री ९.१०

ताई, आमच्या छापखान्यात जुन्या दिवाळी अंकांची पानं स्कॅन करून ठेवतो, त्यामुळे या दुखण्यातून मीही गेलो आहे. वायर बदलल्यावर वेग वाढेल, पण काही तासांनी पुन्हा पडला तर घाबरू नका. अडीच इंची ड्राइव्ह दोन टीबीच्या वरचा असेल तर तो बहुतेक एसएमआर प्रकारचा असतो.

यात लिहायचे पट्टे कवेलूंसारखे एकमेकांवर अर्धे चढवलेले असतात. तेवढ्याच तबकडीत जास्त मावावं म्हणून. छतावर मधलं एक कवेलू बदलायचं तर वरच्या ओळी उचलाव्या लागतात, तसंच इथे. जुन्या जागी थोडं लिहायचं झालं तरी शेजारचे पट्टे वाचून पुन्हा लिहावे लागतात. म्हणून ड्राइव्हमध्ये साध्या पट्ट्यांचा एक ओसरीसारखा भाग राखलेला असतो. आलेला माल आधी तिथे उतरतो आणि ड्राइव्ह रिकामा असला की आत लावला जातो. ओसरी भरली की आलेला माल आणि आतली लावालाव एकाच हाताने करायची वेळ येते, आणि वेग दहा-पंधरा एमबीवर येतो. यावर कुठली सेटिंग नाही. उपाय म्हणजे विश्रांती. आम्ही चार टीबीच्या ड्राइव्हवर एकदा दिवसभर माल ओतला आणि शेवटी ८ एमबी दिसू लागले. रात्रभर वायर लावून नुसता सोडला, सकाळी पुन्हा शंभरावर होता. वीज मात्र चालू हवी, वायर काढली तर आतलं काम थांबतं.

खूप बारक्या फाइली असतील, आमच्या पानांसारख्या, तर आधी एक टार करून, म्हणजे सगळ्यांची एकच मोठी फाइल बांधून, पाठवा. तुमचे तुकडे मोठे आहेत, तुम्हाला गरज नाही. एका वेळी एकच कॉपी लावा. दोन लावल्या की ड्राइव्हचं टोक दोन्हीकडे धावत बसतं.

ड्राइव्ह एनटीएफएस (विंडोजची फाइल मांडणी) असेल आणि फक्त लिनक्सवरच वापरणार असाल तर ईएक्सटी४ (लिनक्सची मांडणी) करा. त्यात दोन खाचाखोचा आहेत. पहिली, ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य खात्यासाठी, राखली जाते. पाच टीबीत ती २५० जीबी झाली, तुमची तीन नाटकं अगदी सहज मावतील. फॉरमॅट करताना ‘-एम ०’ दिलं की राखत नाही. दुसरी, फॉरमॅट क्षणात होतो, पण अंतर्गत तक्ते लिहायचं काम नंतर गुपचूप चालू राहतं. तुम्ही काही करत नसलात तरी दिवा लुकलुकतो आणि कॉपी मंदावते. ‘लेझी आयटेबल इनिट’ला ० दिलं तर फॉरमॅटला वेळ लागतो, पण पुढे त्रास नाही.

आणि तपमानाकडे लक्ष ठेवा. अशा बऱ्याच ड्राइव्हच्या माहितीपत्रकात वापराच्या जागेचं तपमान ५ ते ३५ अंश दिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी बंद खोलीत ते कुठे मिळतं? मोठी कॉपी रात्री लावा.

हिंगणा रोड, सोमवार रात्री ९.३५

फॉरमॅट करण्याआधी थांबा! शेवटचे दोन हंगाम कट-पेस्ट झालेत ना? म्हणजे त्यांची एकमेव प्रत आता याच ड्राइव्हवर आहे. आधी ती लॅपटॉपवर परत आणा.

रेशीमबागकर, पुढच्या रविवारी सकाळी १०.१५

तुम्हा तिघांनाही मनापासून धन्यवाद. हिंगणा रोडच्या दादांनी शेवटचं लिहिलं नसतं तर मी त्याच रात्री फॉरमॅट केला असता.

दोन्ही हंगाम लॅपटॉपवर परत आणले आणि मग ड्राइव्ह ईएक्सटी४ केला. सोबतची वायर दाबून लावली, आता ५०००एम दाखवतो. टेबलच भिंतीकडे सरकवलं. कॉपी ‘आरसिंक’ या कॉपीच्या कमांडने लावली, एका वेळी एक हंगाम, रात्री साडेनऊनंतर. पहिले अडीच तास सेकंदाला १०० ते ११० एमबी, आणि या वेळी ते खरे होते, कारण ‘डर्टी’ची ओळ २०० एमबीच्या वर गेली नाही. त्यानंतर १५ वर आला. छापखान्याच्या काकांनी कवेलूंचं सांगितलं नसतं तर मी पुन्हा वायर ओढली असती. कॉपी थांबवली आणि ड्राइव्ह तसाच लावून ठेवला. कान लावला की आतून खरखर ऐकू येत होती. दीड तासाने शांत झाला, आणि पुन्हा लावल्यावर ९८. सगळं व्हायला तीन रात्री लागल्या. आधीच्या वायरीने किती लागल्या असत्या याचा हिशेब केला नाही.

तपासणीसाठी ‘एसएचए-२५६’ने सगळ्या तुकड्यांच्या बेरजा (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) काढून मूळ फाइलींशी जुळवल्या. आधी ड्राइव्ह इजेक्ट करून पुन्हा लावला, नाहीतर लिनक्स रॅममधलंच वाचून ‘जुळतं’ म्हणू शकतो, असं घरी आलेल्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितलं. सगळ्या जुळल्या. जुने तीन ड्राइव्ह पुसलेले नाहीत, ते मामेभावाकडे ब्रह्मपुरीला ठेवणार आहे.

आणि कार्ड. नकलेतून फोटोरेकने सतरा तुकडे काढले. नावं गेली आहेत, नुसते आकडे आहेत, त्यामुळे एकेक उघडून पाहिला. सोळावा नाटकाच्या सुरुवातीचा निघाला. भैरवी अकराव्यात होती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण. पडदा पडल्यावरही कॅमेरा चालू राहिला होता. त्यात मामा ऑर्गनवर कापड टाकताना दिसतात.

तेवढा तुकडा मामेभावासाठी पेन ड्राइव्हवर घेतला. कॉपीला दोन मिनिटं लागली आणि ‘सिंक’ला आणखी वीस सेकंद. ओळ परत आल्यावरच पेन ड्राइव्ह काढला.